चारशे बाराव्या पानानंतर

करामा, दुबई
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय हमीदाआपा,

सलाम. पाकीट जाड आहे म्हणून अम्माला वाटेल काहीतरी भानगड झाली. तिला सांग, तब्येत ठणठणीत आहे. आत जास्तीचा एक कागद आहे, इंग्रजीत, माझ्या हाताने उतरवलेला. त्याचं काय ते पुढे सांगतो. आधी भांडण ऐक.

अम्मा गावभर सांगते की हम्माद दुबईत शाळेत आहे. लोकांना वाटतं मास्तर झालो. मी स्टोअरकीपर आहे गो. खडू, डस्टर, फुटबॉल आणि पुस्तकं. अमेरिकन शाळा, म्हणजे पोरं सगळ्या मुलखांतली पण शिकायचं अमेरिकेतल्यासारखं. आठवीला अमेरिकेचा इतिहास असतो. त्याचं निळं पुस्तक आहे, सातशे ऐंशी पानांचं, विटेएवढं. अशा ब्याण्णव विटा माझ्या ताब्यात.

नियम असा, की पुस्तक पाच वर्षं चालवायचं. सप्टेंबरला पोरांना द्यायचं, जूनमध्ये परत घ्यायचं. परत घेताना एकेक मी तपासतो. पान फाटलंय का, कुणाला मिशा काढल्यात का. अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष मी मिशांवरून ओळखतो, काहींना देवाने दिलेल्या, काहींना पोरांनी.

आता खरी गोष्ट. पुस्तक मिटून बाजूने धरलं की कडेला मळाचा पट्टा दिसतो. आपल्या बंदराच्या धक्क्यावर भरतीची खूण असते ना, तसा. निळ्या पुस्तकाला हा पट्टा चारशे बाराव्या पानापर्यंत आहे. तिथून पुढे पांढरंशुभ्र. एका पुस्तकात नाही, ब्याण्णवच्या ब्याण्णव. पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, उघडली की नव्या चपलेसारखी करकरतात. तीन वर्षं झाली, दर वर्षी शाळा तिथेच थांबते. चारशे बारावर चित्र आहे, लढाई संपली, काळे गुलाम सुटले, लोकांनी टोप्या वर केल्यात. गुलाम सुटले की सुट्टी लागते.

यंदा टीचर लोकांना पुस्तक बदलायचंय. एजंटने तीन नमुने आणून दिले. कमिटी बसली, चार टीचर, मध्ये समोशांची प्लेट. एक पुस्तक जड म्हणून बाद. एकात चित्रं कमी म्हणून बाद. उरलं लाल. गुळगुळीत, सुंदर, माझ्या बोटाएवढं जाड. मी शेवटचं पान उघडून बघितलं. टोप्याच टोप्या! त्या पुस्तकाचा तो फक्त पहिला भाग आहे. दुसरा भाग शाळा घेणारच नाही. म्हणजे जिथे ह्यांचं शिकवणं थांबतं, तिथेच आता पुस्तकही थांबणार. सिलॅबस पूर्ण. खलास.

पण पाच वर्षं झाली नाहीत, हे चौथं चालू आहे. त्यामुळे जुनी पुस्तकं खराब झाली असं स्टोअरकीपरने फॉर्मवर लिहून सही केली, तरच नवी येतात. सुचित्रा मॅडम स्टोअरला आल्या. त्या पुण्याच्या, आठवीला त्याच शिकवतात. वाईट नाहीत, मला मराठी मासिकं देतात वाचून झालेली. म्हणाल्या, "हम्माद, एवढी सही कर रे. डॅमेज्ड लिही, बास."

म्हटलं, "मॅडम, पुस्तकं तर चांगली आहेत. अर्धी तर कोणी हात लावलेली नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "तुला काय कळतं रे त्यातलं?"

आपा, आठवीत इतिहासात मला तेरा मार्क होते, मान्य. पण मळ कुठपर्यंत चढलाय हे कळायला मार्क लागत नाहीत. मी सही केली नाही. फॉर्म माझ्या खणात आहे आणि खणाची चावी माझ्या कमरेला.

हारुनचाचा चिडलाय. तो म्हणतो, मे महिन्यात तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय, ह्याच लोकांच्या सहीने, आणि तू त्यांची सही अडवतोस? अठरा वर्षं त्याने शाळेची बस चालवली, त्याच्या शब्दावर मला घेतलं, हे सगळं त्याने बसमध्ये मोठ्याने ऐकवलं. बस रिकामी होती म्हणून बरं.

दोन जुम्मे बसून चारशे तेरावं पान मी उतरवून काढलंय. मला अक्षरं येतात, अर्थ लागत नाही. तू डी.एड. आहेस. एवढंच सांग, त्या पानावर असं आहे काय, की कोणी तिथे जात नाही?

तुझा
हम्माद


बाणकोट
४ मार्च १९९९

चि. हम्माद,

सलाम आणि दुवा. पत्र पोचलं. अम्माला अर्धंच वाचून दाखवलं. फॉर्म, व्हिसा वगैरे गाळलं. ती म्हणाली, बघ, पोरगा किती जाड पत्र लिहायला शिकला.

तुझं अक्षर पूर्वीपेक्षा बरं आहे. इंग्रजी नक्कल करताना मात्र तू ओळी सोडल्यास, दोन ठिकाणी.

पान वाचलं. त्यात विशेष काही नाही रे. लढाईनंतर कुठल्या कुठल्या राज्याने कोणते कायदे केले त्याची जंत्री आहे. सनावळ्या. आपल्याकडेही धड्याच्या शेवटी असतं तसलं. बाईंनी ते सोडलं असेल तर परीक्षेच्या दृष्टीने बरोबरच सोडलं. सातशे ऐंशी पानं एका वर्षात कोण शिकवणार? मला बघ. चौथीचं पुस्तक सव्वाशे पानांचं, तेही जनगणना, निवडणूक, लसीकरण आणि साहेबांची भेट यांतून उरलेल्या दिवसांत संपवायचं असतं.

आणि तुला गंमत वाटते की समोसे खात पुस्तक निवडतात. मला तर ते वाचून हेवाच वाटला. आमच्याकडे पुस्तक निवडायचं नसतं, ते येतं. टेम्पोतून गठ्ठा उतरतो, मुख्याध्यापक सही करतात, झालं. चौदा वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की हमीदाबाई, तुम्हाला कुठलं हवं.

तेव्हा माझं ऐक. सही करून टाक. पुस्तकं काही तुझ्या बापाची नाहीत आणि त्या मुलांना तुझं नावही माहीत नसेल. हारुनचाचाने तुझ्यासाठी दोन वर्षं त्या लोकांच्या विनवण्या केल्या. तू हर्णैच्या होडीवरून पळालास, चिपळूणच्या बेकरीतून पळालास, मुंबईत तीन महिने टिकलास. ही पहिली जागा जिथे तू अडीच वर्षं एका ठिकाणी उभा आहेस. ती एका सहीपायी घालवू नकोस.

बकरी ईदला फोन कर. पोस्टमास्तरांच्या घरचा नंबर बदललाय, मागे लिहिला आहे.

तुझी
हमीदाआपा


करामा, दुबई
२० मार्च १९९९

हमीदाआपा,

सलाम.

तू खोटं लिहिलंस.

विशेष काही नाही म्हणालीस. मलाही तसंच वाटून गप्प बसलो असतो. पण ओळी सोडल्यास म्हणालीस ते डोक्यात बसलं, म्हणून पान पुन्हा धड उतरवलं आणि रफिककडे नेलं. रफिक महाडचा, आमच्या बिल्डिंगखाली टायपिंग सेंटरमध्ये बसतो. दिवसभर लोकांचे व्हिसाचे, लेबरचे अर्ज इंग्रजी-अरबीत टाइप करून देतो. त्याला इंग्रजी पाण्यासारखं येतं. तो वाचायला लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, "अरे, हे तर मी रोजच टाइप करतो!"

मग त्याने समजावलं. गुलाम सुटले. सुटल्यावर त्याच राज्यांनी कायदा केला की सुटलेल्या माणसाने दर वर्षी जानेवारीत कामाचा कागद दाखवायचा. मालकाच्या सहीचा. कागद नाही तर पकडायचं. कराराची मुदत संपायच्या आधी काम सोडलं तर वर्षाचा पगार बुडाला आणि शिवाय पकडून परत त्याच मालकाकडे. आपा, हे ऐकताना माझा हात आपोआप खिशात गेला, लेबर कार्ड आहे ना बघायला. रफिक हसला. म्हणाला, सगळ्यांचाच जातो.

ही जंत्री? हे सनावळ्यांचं पान?

तुला अर्थ लागला नाही असं मी म्हणणार नाही. तुला लागला. तू ठरवलंस की हम्मादला नको सांगायला, डोकं फिरेल त्याचं. बरोबर ना? मग तुझ्यात आणि सुचित्रा मॅडममध्ये फरक काय? तूही चारशे बारावरच थांबलीस. त्यांच्याकडे निदान परीक्षेचं कारण आहे. तुझ्याकडे काय आहे?

मी होडीवरून पळालो, कारण तांडेल हात उचलायचा. बेकरीतून पळालो, कारण भट्टीजवळ झोपवायचे. मुंबईचं कारण तुला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पळालो त्याची लाज नाही. पण ह्या वेळी मी उभा आहे, आणि तू म्हणतेस बस.

इथली खबर अशी. मॅडमने तीनदा फॉर्म मागितला. तिसऱ्यांदा मी भरून दिला. 'पुस्तकाची अवस्था' असा रकाना आहे. त्यात डॅमेज्ड नाही लिहिलं. रफिकलाही विचारलं नाही, माझं मीच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. फर्स्ट हाफ ओल्ड. सेकंड हाफ न्यू. नोबडी रीच्ड. खाली सही.

मॅडमनी वाचलं आणि फॉर्म तिथेच टेबलावर ठेवून निघून गेल्या. अजून कोणी काही बोललेलं नाही. हारुनचाचा तर माझ्याशी आठ दिवस बोलत नाही. डाळ वाढतो पण बोलत नाही.

ईदला फोन करीन तेव्हा अम्माला दे. तुझ्याशी मला बोलायचं नाही.

हम्माद

ता.क. पुढचं पान उतरवलंय, पण तुला पाठवत नाही.


बाणकोट
५ एप्रिल १९९९

हम्माद,

ईदच्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी पोस्टमास्तरांच्या पडवीतच उभी होते. तू अम्माशी सात मिनिटं बोललास. मी शेजारी होते हे तुला माहीत होतं.

खोटं लिहिलं, हो. पहिल्याच वाचनात मला सगळं कळलं होतं. शब्दकोश दोनदाच उघडावा लागला. तुला लिहायला बसले तेव्हा डोळ्यांसमोर ते पान नव्हतंच. विमानतळावरून खांद्यावर पिशवी टाकून परत आलेला तू होतास, आणि दारात उभी अम्मा. म्हणून गाळलं. चौदा वर्षं मुलांना सांगते, उत्तर येत नसेल तर कोरं सोडा पण चुकीचं लिहू नका. मी येत असून चुकीचं लिहिलं. ह्याच्यापुढे त्याला कारण जोडत नाही.

पण आता तूही ऐकून घे, कारण तू दुखावला आहेस म्हणून बरोबर आहेस असं होत नाही.

पहिलं. पानं कोरी आहेत म्हणून पुस्तक चांगलं, हे कुठलं गणित? कदाचित ती पानं रद्दी असतील. कदाचित लाल पुस्तकातला पहिला भाग निळ्यापेक्षा शंभर पटीने चांगला लिहिलेला असेल. तू ते तपासलंस का? तू फक्त कड बघितलीस. कड बघून पुस्तक ठरवणं आणि समोसे खाऊन ठरवणं यात फार अंतर नाही.

दुसरं. तुझ्या नकलेतलं शेवटचं वाक्य अर्धं आहे, ते चारशे चौदावर जातं. तुझा तो रफिक एका पानावर थांबला आणि तुम्ही दोघं खिसे चाचपत बसलात. मी मंडणगडच्या हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या सरांना विचारून आले. ते कायदे दोनेक वर्षांत रद्द झाले, अमेरिकेच्या मोठ्या सरकारनेच केले. सुटलेली माणसं मतदानाला गेली, निवडूनही आली. आणि सर म्हणाले, नंतर दहा-बारा वर्षांनी तसलेच कायदे दुसऱ्या नावांनी परत यायला लागले. हे सगळं पुढच्या दहा-वीस पानांत असणार. भांडायचं तर ते वाचून भांड. अर्ध्या पानावर भांडशील तर बाई तुला एका वाक्यात गप्प करतील, आणि ते बरोबरच असेल.

तिसरं म्हणजे, पुढचं पान पाठव. रागावून का होईना.

बाईंबद्दल तू लिहिलंस की फॉर्म ठेवून निघून गेल्या. हम्माद, कोणी माझ्या वर्गाच्या पुस्तकाची कड अशी बाजूने धरून बघितली, तर मला काय वाटेल? आठवीला मी एक वर्ष बदली म्हणून शिकवत होते. त्या पुस्तकात एकोणीसशे सत्तेचाळीसचा झेंडा वर गेला की पुस्तक संपायचं. त्यापुढे काय झालं ते मी कधी शिकवलं नाही, आणि कोणी पुस्तकच दिलं नाही म्हणून मला ते कधी खुपलंही नाही. त्यांना तू खुपवलंस. तेव्हा त्यांना थोडं जपून.

सही करू नकोस असं मी म्हणत नाही. कर असंही आता म्हणत नाही.

हमीदाआपा


करामा, दुबई
३० एप्रिल १९९९

प्रिय आपा,

सलाम. आधी चारशे चौदा ते चारशे अठरा. रफिकने समजावलेलं मी मराठीत उतरवून सोबत ठेवलंय, तू ताडून बघ. तू म्हणालीस तसंच निघालं. रद्द झाले, निवडून आले. रफिक म्हणाला, बघ, मी उगाच घाबरवलं तुला. म्हटलं, थांब, बाई म्हणते पुढे परत येतात. तो म्हणाला, कोण बाई? म्हटलं, माझी बहीण. तो म्हणाला, मग पुढे वाचायलाच पाहिजे.

लाल पुस्तकही बघितलं. तुझं म्हणणं खरं आहे. पहिला भाग त्यात जास्त सोपा आहे, मला रफिकशिवाय पाच-सहा ओळी कळल्या. चांगलं पुस्तक आहे. फक्त अर्धं आहे.

आता मीटिंग. मंगळवारी मला वर बोलावलं. अडीच वर्षांत त्या खोलीत मी फक्त खुर्च्या लावायला गेलोय. प्रिन्सिपलसाहेब मध्ये, उंच गोरा माणूस, आवाज मऊ. चार टीचर. सुचित्रा मॅडम खिडकीशी. टेबलावर माझा फॉर्म. मला बस म्हणाले नाहीत, मीही बसलो नाही.

साहेबांनी फॉर्म उचलला आणि माझ्या ओळी वाचल्या. नोबडी रीच्ड म्हणताना त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. विचारलं, ह्याचा अर्थ काय. मी सोबत दहा निळी पुस्तकं नेली होती. दहाही टेबलावर रांगेत, कड त्यांच्याकडे करून उभी केली. सगळ्यांनी बघितलं. मग एक उघडलं, चारशे तेरावर. शांत खोलीत ते केवढ्याने करकरलं!

एक टीचर हसली. सुचित्रा मॅडम नाही.

मॅडम इंग्रजीत बोलायला लागल्या, मग माझ्याकडे वळून मराठीतच. "मला आठवड्याला चार पीरियड मिळतात हम्माद. त्यातला एक असेंब्लीत जातो, एक कसल्या ना कसल्या डेच्या प्रॅक्टिसला. अर्ध्या मुलांना इंग्रजी धड येत नाही. गुलामांच्या धड्यावर तीन आठवडे जातात, कारण मुलं प्रश्न विचारतात. मी काय करू, घाई करू? ती पानं मला दिसत नाहीत असं वाटतं तुला?"

आपा, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं त्यांना कंटाळा येतो. मी म्हटलं, "तुमचं खरं असेल मॅडम. पण पुस्तक खराब झालं हे खरं नाही. ते मी नाही लिहिणार."

"सगळे लिहितात रे! तो एक फॉर्म आहे नुसता."

"सही माझी आहे ना?"

साहेबांना काही कळत नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं, "हॅव यू रेड इट?"

"येस सर. सिक्स पेजेस."

मॅडम हसल्या, पहिल्यांदाच. चिडून हसल्या. "सहा पानं! अडीच महिन्यांत!"

आणि मग माझ्या तोंडून गेलं. थांबवता आलं असतं, थांबवलं नाही. म्हटलं, "हो मॅडम, सहाच. पण चारशे तेरा ते अठरा. मी तुमच्या वर्गाच्या पुढे आहे."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाला. कोणी सांगेना. मग मीच मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

मॅडमचे डोळे भरले. आपा, ते मला नको होतं. तू जपून म्हणाली होतीस.

निकाल असा. साहेब म्हणाले, पुस्तकं खराब नाहीत, मग नियम तो नियम, यंदा निळंच चालेल. लालची ऑर्डर थांबली. पण त्याचबरोबर म्हणाले, स्टोअरकीपरने सगळ्यांसमोर टीचरचा अपमान केला. ३१ मेच्या आत लेखी माफी, त्यात असंही लिहायचं की मी फॉर्मवर जे लिहिलं ते न समजता लिहिलं. माफी आली तर व्हिसा रिन्यू. नाहीतर नाही.

काल हारुनचाचा दीड महिन्याने माझ्याशी बोलला. ओरडला नाही. पलंगावर बसून म्हणाला, "पोरा, पुस्तक राहिलं ना तुझं? मग आता एक कागद द्यायला काय जातं? तू गेलास तर ते मला काही बोलणार नाहीत. पण रोज सकाळी गेटवर मला बघतील." त्याचे हात बघितले मी. अठरा वर्षं स्टिअरिंग धरलेले.

आपा, मी थकलो. तुझ्यासमोर कबूल करतो. मॅडम रडल्या हे डोळ्यांसमोरून जात नाही, चाचाचं तोंड बघवत नाही. आपल्या गावचा वली इथून सुट्टीवर येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तो २३ मेला परत निघेल. त्याच्याबरोबर माफीचं पत्र इंग्रजीत लिहून पाठव. चांगल्या इंग्रजीत. मी उतरवून सही करीन. रफिकला सांगवत नाही, लाज वाटते.

तू पहिल्यापासून हेच म्हणत होतीस. घे, तुझंच ऐकतो.

हम्माद


बाणकोट
२२ मे १९९९

प्रिय हम्माद,

सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. माफीचं पत्र लिहायला मी चार वेळा बसले.

पहिली ओळ सोपी होती. मॅडम, मी तुम्हाला सगळ्यांसमोर दुखावलं, ते करायला नको होतं. हे मी लगेच लिहिलं आणि इंग्रजीतही बरं जमलं. ते तुला मनापासून वाटतं हे तुझ्या पत्रात दिसतं. दुसरी ओळ लिहायची होती की फॉर्मवर जे लिहिलं ते न समजता लिहिलं. तिथे पेन थांबलं. पहिल्यांदा वाटलं, शब्द सुचत नाही. शब्दकोश काढला. दुसऱ्यांदा अम्माने हाक मारली म्हणून उठले. तिसऱ्यांदा ती ओळ लिहिलीच, आणि वाचून बघितली. आपल्या घरात कोणाच्या अक्षरात नसावी अशी ती ओळ आहे. चौथ्यांदा चुलीत घातली.

तू न समजता लिहिलं नाहीस. दोन जुम्मे बसून, ओळी सोडत, पुन्हा उतरवत, एका टायपिस्टला आणि एका मास्तरणीला कामाला लावून समजून लिहिलंस. सहा पानांसाठी इतकी मेहनत मी माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत केली नाही. आणि मी, जिने एकदा तुला खोटं लिहिलं, ती दुसऱ्यांदा तुझ्याकडून खोटं लिहून घेऊ? ते होणार नाही.

तू म्हणतोस, तू पहिल्यापासून हेच म्हणत होतीस. हो, म्हणत होते. आता म्हणत नाही. माणसाला मत बदलायला पुस्तकाची परवानगी लागत नाही.

मॅडमना तोंडाने माफी माग. एकटा जा, मराठीत बोल, पहिल्या ओळीएवढीच. दुसरी ओळ कोणीही मागितली तरी देऊ नकोस, मग ते प्रिन्सिपल असोत की चाचा.

चाचाला मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात लिहिलंय की चाचा, तुम्ही गेटवर मान खाली घालून उभे राहणार असाल तर ती माझ्यामुळे घाला, त्याच्यामुळे नाही, कारण नाही म्हणणारी मी आहे.

अम्माला काल सगळं सांगितलं, व्हिसा, फॉर्म, सगळं. गाळलं काही नाही. ती बराच वेळ मासे साफ करत राहिली. मग म्हणाली, "पुस्तकं चांगली होती ना पण?" म्हटलं, हो. म्हणाली, "मग चांगल्याला वाईट कसं म्हणायचं?" आणि उठून हात धुतले. ह्यापेक्षा जास्त तिला विचारू नकोस, ती रडेल, आणि मग आपण दोघंही ढिले पडू.

३१ तारखेला काय होईल ते मला कळतं. मी भाबडी नाही. तू परत आलास तर गाव हसेल. हसू दे. हा चौथ्यांदा पळून आला म्हणतील. तेव्हा अंगणात उभी राहून मी सांगीन, हा पळून आलेला नाही. ह्याला काढलाय. कशासाठी काढलाय तेही सांगीन, आणि ज्यांना ऐकायचं असेल त्यांना चारशे तेरावं पान मराठीत वाचून दाखवीन. मंडणगडच्या सरांनी ते तपासून दिलंय.

वली आत्ताच येऊन पडवीत बसलाय. सुकट, आमसुलं आणि अम्माने केलेले लाडू त्याला दिले, हे पाकीट आता मिटून देते. तो पिशवी चाचपून म्हणाला, "बाजी, हम्मादने इंग्रजीतला एक कागद आठवणीने आणायला सांगितलाय. तो कुठाय?"

म्हटलं, "तो नाही."

"विसरलात का? मी थांबतो, द्या लिहून."

म्हटलं, "विसरले नाही. त्याला सांग, बहिणीने दिला नाही."

हमीदाआपा